जुन्या गाडीत तिलावत स्पष्ट ऐकू यावी म्हणून

उरणच्या खाऱ्या हवेत गाडीचा पत्राच तेवढा खराब होतो असे नाही. दारातल्या स्पीकरचा कागदी कोन दमट होतो, कडेचा फोम तुटतो आणि आवाज फाटू लागतो. आमच्या जुन्या गाडीत कारी अब्दुल बासित यांची तिलावत लावली की अब्बा कान पुढे करत. 'सीन' आणि 'से' यांतला फरक कळेना. स, श, फ हे आवाज उंच पट्टीत असतात, आणि साधा कागदी स्पीकर तिथे कमी पडतो.

यासाठी स्टिरिओ बदलायला नको. पुढच्या दोन दारांतले स्पीकर बदलले तरी पुरते. गाडीसोबत आलेला स्टिरिओ प्रत्येक स्पीकरला खरी ताकद जेमतेम 15-20 वॅट देतो, त्यामुळे खोक्यावरच्या '300 वॅट'ला भुलू नये. ओहम जुन्या स्पीकरइतकेच, बहुधा 4, असावेत; सेन्सिटिव्हिटी 90 डेसिबल किंवा जास्त; मधोमध छोटा ट्वीटर. मूळ वायर कापू देऊ नये, कपलर लावून घ्यावा. एका बाजूचे प्लस-मायनस उलटे लागले तर खर्जच नाहीसा होतो.

काचेवरून पावसाचे पाणी दाराच्या आत उतरतेच. पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा कागद मेकॅनिक फाडून फेकतात. तो परत नीट चिकटवून घ्यावा, नाहीतर आपल्याकडच्या एका पावसाळ्यात नवा स्पीकरही जुना!

बूम वूफर मुलांनी मागितला होता. तो आम्हाला इसराफ वाटला. शिवाय जेएनपीटीच्या रस्त्यावर मागच्या ट्रेलरचा हॉर्न ऐकू यायला हवा.