एका विशेषणाची मालकी

चेन्नईच्या दक्षिण भागातल्या सेंट थॉमस माउंटला तमिळ लोक परंगिमलै म्हणतात. त्यातला परंगी म्हणजे आपला फिरंगीच. या टेकडीच्या परिसरात आणि रेल्वे कारखान्यांच्या पेरंबूरमध्ये शहरातला अँग्लो-इंडियन समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला. मूळपुरुष युरोपीय, जन्म इथला, घरात इंग्रजी. आज हे विशेषण ऐकलं की हीच माणसं डोळ्यांपुढे येतात. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र त्यावर दुसऱ्यांचाच हक्क होता.

1886 साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाच्या उपशीर्षकातच ‘अँग्लो-इंडियन’ आहे. तिथे त्याचा अर्थ हिंदुस्थानात नोकरी करून पेन्शनीला मायदेशी परतणारा अस्सल गोरा साहेब आणि त्याचा गोतावळा. मुंबईत जन्मलेला किपलिंग त्याच अर्थाने अँग्लो-इंडियन लेखक. कोशाचा एक कर्ता ए. सी. बर्नेल मद्रासच्या मुलकी सेवेतला. तंजावरच्या भोसल्यांच्या राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची त्यानेच 1880 मध्ये छापली. मराठी माणसाने त्याला खरं तर एवढ्यासाठीच ओळखायला हवं. कोश छापून झालेला पाहायला तो उरला नव्हता. 1882 मध्येच वारला.

मग मिश्र वंशाच्या लोकांना काय म्हणत? हाफ-कास्ट, ईस्ट इंडियन, युरेशियन. पहिला शब्द झोंबे आणि दुसरा मोघम, म्हणून तिसरा घडवला, असं हाच कोश सांगतो. मद्रासमध्ये डी. एस. व्हाइट यांनी 1879 साली संस्था काढली, तिच्या नावात ‘युरेशियन’ आणि ‘अँग्लो-इंडियन’ शेजारी शेजारी होते. म्हणजे मिश्र वंशाचे वेगळे आणि इथेच स्थायिक झालेले गोरे वेगळे. पण सौम्य म्हणून आणलेल्या ‘युरेशियन’लाही हळूहळू हिणवणीचा वास लागला. समाजाच्या मागणीवरून 1911 च्या जनगणनेत सरकारने या लोकांना ‘अँग्लो-इंडियन’ ठरवलं. साहेबांपैकी अनेकांना ते रुचलं नाही. शब्दांचे अर्थ आपोआप झिजतात असं आपण म्हणतो; इथे तो अर्ज-विनंत्या करून बदलून घेतला गेला.

‘ईस्ट इंडियन’ची कथा तर आपल्या दारातली. 1830 साली जॉन रिकेट्स ईस्ट इंडियनांचा अर्ज घेऊन ब्रिटिश संसदेपुढे गेले, तेव्हा अर्थ होता मिश्र वंशाचे लोक. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, मुंबई, साष्टी, वसईकडच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी तेच नाव स्वतःसाठी घेतलं. गोवा आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती उमेदवारांपुढे नोकरीत आपण इथले जुने, हे सरकारला दिसावं हा हेतू. भावनेपेक्षा पोटाचा हिशेब मोठा होता, आणि त्यात गैर काही नाही.

इकडे अँग्लो-इंडियनांचं नेतृत्व इगतपुरीत जन्मलेल्या डॉ. हेन्री गिडनी यांच्याकडे आलं. 1935 च्या कायद्याने या विशेषणाची व्याख्या बांधली आणि राज्यघटनेच्या 366 व्या कलमाने ती पुढे चालवली. गंमत अशी की त्यात फक्त बापाकडचा वंश मोजतात. आई युरोपीय वंशाची आणि वडील तमिळ, तर मूल त्यात बसत नाही.

या व्याख्येच्या आधारे राष्ट्रपती लोकसभेवर दोन सदस्य नेमू शकत. 104 व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी 2020 पासून ती तरतूद संपली. 366 व्या कलमातली व्याख्या अजून आहे तशीच आहे.