लांबचा नेम आणि मॅग्नमचा मोह

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडील शिकारीचे युग संपले आणि रायफल व काडतुसांची चर्चा जिम कॉर्बेटच्या पुस्तकांपुरती उरली. अमेरिकेत मात्र शिकार आजही परवाना घेऊन, सरकारी नियमांच्या चौकटीत चालते. तेथील रॉकी पर्वतराजीत एल्क या, आपल्या सांबराच्या कुळातील महाकाय हरणाच्या शिकारीचा हंगाम आला की एक जुना वाद पुन्हा रंगतो. चारशे-पाचशे यार्डांवरील जनावरासाठी ‘मॅग्नम’ काडतूस खरोखरच अपरिहार्य आहे काय? वाद वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु हिशेब चुकला तर त्याची किंमत जखमी जनावराला मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही.

मॅग्नम म्हणजे काय?

‘मॅग्नम’ हा शब्द मूळचा शॅम्पेनच्या दीड लिटरच्या बाटलीचा. नेहमीपेक्षा अधिक दारू सामावणाऱ्या काडतुसांना तो पुढे चिकटला. १९०६ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले ‘.३०-०६ स्प्रिंगफील्ड’ आणि १९६३ साली बाजारात आलेले ‘.३०० विन्चेस्टर मॅग्नम’ या दोहोंतील गोळीचा व्यास एकच आहे. १८० ग्रेनची, म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास वजनाची गोळी पहिल्यातून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते, तर दुसऱ्यातून सुमारे ९०० मीटर वेगाने. सारा वाद या फरकाभोवती फिरतो.

हा फरक निरर्थक नाही. शिकारीची गोळी लक्ष्यात शिरताच फुलावी अशी घडवलेली असते आणि त्यासाठी तिच्या अंगी पुरेसा वेग शिल्लक असावा लागतो. एल्कसाठी सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी दीड हजार फूट-पाउंड ऊर्जा मॅग्नमची गोळी साध्या काडतुसापेक्षा शंभर-दीडशे यार्ड पुढपर्यंत टिकवून ठेवते. मॅग्नमची खरी कमाई एवढीच.

वाऱ्याचे गणित

मॅग्नमच्या बाजूने पूर्वी दिला जाणारा मोठा युक्तिवाद म्हणजे गोळीचा सपाट मार्ग. अंतर डोळ्यांनी अजमावण्याच्या काळात त्याला मोल होते. आज हातात मावणारे लेझर उपकरण अंतर क्षणार्धात सांगते. गोळी किती खाली येणार हे ठाऊक असले की दुर्बिणीच्या चकतीवर तेवढी दुरुस्ती करता येते. ही घसरण एक मीटर असो वा सव्वा मीटर, ती आधीच मोजलेली असते.

वाऱ्याचे तसे नाही. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा पाचशे यार्डांवर गोळीला अर्ध्या मीटरच्या आसपास बाजूला नेतो आणि मॅग्नम हे वाहवणे थोडेच कमी करते. एल्कच्या हृदय-फुफ्फुसांचा वेध्य भाग जेमतेम तीस-पस्तीस सेंटिमीटरचा. मध्यावर नेम धरला तरी दोन्ही बाजूंना पंधरा-सतरा सेंटिमीटरचीच मुभा मिळते. वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला तर गोळी पोटात किंवा खांद्यापुढे जाणार, काडतूस कोणतेही असो. शिवाय पाचशे यार्ड गाठायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात जनावराने एक पाऊल टाकले तरी अचूक नेम व्यर्थ ठरतो.

वाऱ्याशी झुंजताना वेगाइतकाच गोळीचा आकारही महत्त्वाचा ठरतो. २००७ साली पुढे आलेल्या ‘६.५ क्रीडमूर’ने हे ठळकपणे दाखवून दिले. त्याची लांबट, निमुळती गोळी जुन्या धाटणीच्या मॅग्नम गोळ्यांच्या तोडीस तोड वारा कापते आणि खांद्याला बसणारा हिसका मात्र ‘.३०० मॅग्नम’च्या जेमतेम निम्मा असतो.

खांद्याची किंमत

हा हिसका हीच मॅग्नमची छुपी किंमत आहे. जबर धक्क्याची सवय नसलेला नेमबाज घोडा ओढण्याआधीच नकळत अंग आकसून घेतो, डोळे मिटतो आणि नेम ढळतो. काडतूस महाग, खांदा दुखरा. साहजिकच सराव घटतो. नळीच्या तोंडाला झटका कमी करणारे उपकरण बसवता येते, पण त्याने आवाज कानठळ्या बसवण्याइतका वाढतो. म्हणजे ज्या लांबच्या नेमासाठी मॅग्नम घ्यायचे, त्यासाठी लागणारा सरावच त्याच्यापायी मागे पडण्याचा धोका असतो.

कायदाही मॅग्नमचा आग्रह धरत नाही. कोलोरॅडो राज्यात एल्कसाठी किमान ८५ ग्रेनची गोळी आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड ऊर्जा पुरते. ‘.३०-०६’ ही अट दुपटीहून अधिक फरकाने पार करते.

तेव्हा निवाडा असा: चारशे यार्डांच्या आत मॅग्नमची गरज नाही. त्यापुढे, एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी, ते उपयुक्त आहे. पण ज्याने वारा वाचण्याचा आणि हिसका सोसण्याचा दीर्घ सराव केला आहे त्यालाच. इतरांनी अंतर कमी करावे.

रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली कॉर्बेटने मारला तो ‘.२७५ रिग्बी’ने. हे काडतूस म्हणजे जर्मन सात मिलिमीटर मॉझरचेच इंग्रजी नाव, मॅग्नम नव्हेच. कॉर्बेटचे सामर्थ्य काडतुसात नव्हते, तर जनावराच्या जवळ जाण्याच्या आणि खात्री नसेल तेव्हा घोडा न ओढण्याच्या संयमात होते. हा संयम कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.