परसातील केळ आणि अवघड जमीन

आसामपासून केरळपर्यंत ज्या घरामागे थोडी मोकळी जागा असते, तेथे बहुधा एखादी केळ दिसतेच. तिचे पान जेवावयास, केळफूल व गाभा भाजीस आणि फळ लहानथोरांस उपयोगी पडते. परंतु पुष्कळ घरी वर्षभर पाणी घालूनही केळ खुरटी राहते, पाने पिवळी पडतात आणि घड आलाच तर बोटाएवढ्या फळांचा येतो. अशा वेळी दोष रोपाला दिला जातो. वस्तुतः तो बहुधा जमिनीत असतो, आणि त्याची जात ओळखली तर त्यावर इलाजही करता येतो.

केळीची मुळे

केळ हा वृक्ष नव्हे. ती एक प्रचंड वनस्पती होय. जे आपणांस खोड वाटते, ते एकावर एक घट्ट गुंडाळलेल्या सोपटांचे बनलेले असते. खरे खोड म्हणजे जमिनीतील गड्डा. त्याला फुटणारी मुळे जाड व मऊ असून त्यांपैकी बहुतेक वरच्या ३० ते ४० सेंटिमीटर मातीतच पसरतात. आंब्याप्रमाणे खोल जाऊन पाणी शोधण्याची शक्ती त्यांत नाही. रुंद पानांतून मात्र पाण्याचे पुष्कळ बाष्प होत असते. म्हणून केळीला ओल सतत हवी. पण मुळांना श्वसनासाठी हवाही हवी. मातीत पाणी साचून हवा नाहीशी झाली की मुळे कुजतात, आणि पाण्यात उभी असलेली केळ तहानेने कोमेजते!

जमिनीची परीक्षा

लागवडीपूर्वी ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणावा, तो पाण्याने भरावा आणि पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर जमीन चिकण आहे किंवा तळाशी कठीण थर आहे असे समजावे. पाणी ओतताच नाहीसे झाले तर ती रेताड होय.

चिकण जमीन

येथे एक चूक नेहमी घडते. खोल खड्डा खणून त्यात शेणखत व उत्तम माती भरली म्हणजे काम झाले, असे समजतात. पण सभोवतालची माती पाणी जिरू देत नसल्यामुळे तो खड्डा जणू हौद बनतो. पावसाळ्यात सर्व बाजूंचे पाणी पोकळ मातीत उतरते आणि गड्डा कुजतो. अशा जमिनीत खाली जाण्याऐवजी वर यावे. माती व कुजलेले खत मिसळून ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा रुंद वरंबा करावा, त्यावर रोप लावावे आणि बाजूने चर काढून पाणी दूर न्यावे.

रेताड व जांभ्याची जमीन

किनाऱ्यावरील वाळूत हवा भरपूर असते. परंतु पाणी व त्यात विरघळलेले खत दोन्ही खाली निघून जातात. तेथे एकदम पुष्कळ खत देणे म्हणजे ते वाया घालविणे होय. थोडे थोडे, पण वारंवार द्यावे. कुजलेले खत मातीत मिसळावे आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवावे. जांभ्याची माती, जशी केरळात व कोकणात आढळते, बहुधा आम्ल असते. तिला थोडा चुना व चुलीतील राख मानवते.

खारवट व चोपण जमीन

खारवट जमिनीत विद्राव्य क्षार अधिक असतात. ते मुळांना पाणी घेऊ देत नाहीत, आणि पानांच्या कडा करपतात. गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हा त्यावरील उपाय होय. परंतु ते पाणी वाहून जाण्यास वाट हवी.

चोपण जमिनीचे दुखणे निराळे आहे. तेथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते. त्यामुळे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात. माती ओली असता लोण्यासारखी आणि वाळली असता विटेसारखी होते. तिचा सामू बहुधा ८.५ हून अधिक असतो. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते, आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर धुऊन जाते. जिप्समचे प्रमाण माती तपासून ठरवावे. येथे राख किंवा चुना घालू नये. त्यांनी जमीन अधिकच विम्ल होते.

न्हाणीच्या पाण्यावर केळ वाढविण्याची चाल जुनी आहे. परंतु धुण्याचा सोडा व कपडे धुण्याची पूड यांत सोडियम असते. जड मातीत असे पाणी वर्षानुवर्षे मुरले तर चांगली जागाही चोपण होऊ शकते. म्हणून धुण्याचे पाणी वेगळे काढावे.

जात, मुनवा आणि खत

सिमंड्झ व शेफर्ड यांनी १९५५ मध्ये दाखविले की, लागवडीतील बहुतेक केळी मुसा अक्युमिनाटा व मुसा बाल्बिसियाना या दोन रानटी जातींपासून झाल्या आहेत. ज्यांत दुसरीचा अंश अधिक, त्या सामान्यतः काटक असतात. म्हणून अवघड जमिनीत नाजूक बसराईपेक्षा मोंथन किंवा कर्पूरवल्ली लावणे शहाणपणाचे ठरते.

मुनवा अरुंद, तलवारीसारख्या पानांचा निवडावा. रुंद पानांच्या मुनव्याचा गड्डा दुबळा असतो. घडात किती फण्या येणार हे केळफूल बाहेर पडण्यापूर्वीच, खोडाच्या आत ठरून जाते. यास्तव शेणखत व नत्र पहिल्या चार-पाच महिन्यांत पोचले पाहिजे. केळफूल दिसल्यावर केलेली धावपळ फण्या वाढवू शकत नाही. पालाशाची भूक मात्र शेवटपर्यंत राहते. ते कमी पडल्यास जुनी पाने नारिंगी-पिवळी होऊन वाळतात.

घड उतरविल्यावर ते खोड पुन्हा फळत नाही. एकच जोमदार मुनवा राखून बाकीचे काढावेत आणि जुने खोड निरोगी असल्यास कापून बुंध्याशी पसरावे. त्यात पालाश पुष्कळ असते. अशा रीतीने प्रत्येक केळ जाताना पुढील केळीसाठी माती थोडी सुधारून जाते. अवघड जमीन एका हंगामात बदलत नाही. परंतु तिचा दोष ओळखून वागणाऱ्या घरी ती वर्षागणिक अधिक उदार होत जाते.