रायफल नेमबाजीतील साइट आणि स्लिंग

साइट आणि स्लिंग ही रायफल नेमबाजीतील दोन मूलभूत साधने आहेत. नेमबाजाचा डोळा, रायफलीची नळी आणि लक्ष्य यांना एका रेषेत आणणाऱ्या योजनेस साइट म्हणतात. आधाराच्या हाताचा दंड रायफलीशी जोडणाऱ्या पट्ट्यास स्लिंग म्हणतात. रायफल खांद्यावर वाहून नेण्याच्या पट्ट्यालाही हेच नाव असल्याने नवशिक्यांचा गोंधळ होतो. नेमबाजीतील स्लिंगचे काम वेगळे आहे. रायफलीचे वजन स्नायूंवर न टाकता ते हाडे आणि पट्टा यांच्यावर तोलणे, हे ते काम होय.

महाराष्ट्रात या क्रीडाप्रकाराची परंपरा मोठी आहे. राष्ट्रीय छात्र सेनेतून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विजेतेपद पटकावले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले.

साइट

ऑलिंपिक प्रकारांतील रायफलीवर दुर्बीण बसवण्यास मनाई आहे. त्यामुळे ५० मीटर अंतरावरील १०.४ मिमी व्यासाचे दहा गुणांचे वर्तुळ नेमबाजाला दिसतच नाही. त्याला दिसते ती ११२.४ मिमी व्यासाची काळी चकती, आणि तिच्या मध्याचा अंदाज त्याने बांधायचा असतो. हा अंदाज अचूक ठरतो तो दोन छिद्रांमुळे. डोळ्याजवळच्या मागील साइटमध्ये बारीक गोल छिद्र असते, तर नळीच्या टोकावरील पुढील साइटमध्ये एक कडी असते. मागील छिद्रातून पुढील साइट, तिच्यातील कडी आणि कडीत काळी चकती अशी एकात एक वर्तुळे दिसतात. वर्तुळांचा मध्य जुळवण्यात मानवी डोळा उपजतच कुशल असतो, हे या रचनेचे मर्म आहे. बारीक छिद्रामुळे प्रतिमा अधिक स्पष्ट होते. पिनहोल कॅमेऱ्यातही हेच तत्त्व असते. नजर मात्र पुढील कडीवर स्थिर ठेवायची असते. काळी चकती किंचित धूसर दिसली तरी बिघडत नाही.

साइटमधील चूक किती महाग पडते, हे साध्या त्रैराशिकाने कळते. दोन्ही साइटमध्ये ८० सेंमी अंतर धरले, तर मागील साइट ०.१ मिमी सरकल्यास ५० मीटरवर गोळी ६.२५ मिमी सरकते. गोळीचा व्यास ५.६ मिमी असून तिची कड वर्तुळाला स्पर्शली तरी वरचा गुण मिळतो, म्हणून एवढ्या चुकीतही दहा गुण कसेबसे हाती लागतात. चूक ०.२ मिमी झाली, तर दहाचे नऊ होतात. म्हणूनच चांगल्या मागील साइटचे स्क्रू प्रत्येक ‘क्लिक’ला ठरावीक आणि तेवढीच हालचाल करणारे असावे लागतात. साइट विकत घेताना तपासण्याची मुख्य गोष्ट हीच. दहा क्लिक उजवीकडे आणि दहा क्लिक डावीकडे फिरवल्यावर गोळ्या पुन्हा पूर्वीच्याच जागी पडत नसतील, तर ती साइट कितीही देखणी असली तरी निरुपयोगी होय.

पुढील कडीच्या निवडीत नवशिके हमखास फसतात. डोळ्यापासून सुमारे ९० सेंमीवर असलेल्या कडीच्या प्रतलात काळ्या चकतीचा भासमान आकार २ मिमीच्या आसपास असतो. कडी त्याहून जेमतेम मोठी घेतली की नेम काटेकोर वाटतो. प्रत्यक्षात चकती कडीला सतत शिवत राहते, नेमबाज कचरतो आणि गोळी उशिरा सुटते. चकतीभोवती पांढऱ्या रंगाचे मोकळे वलय राहील एवढी कडी घेणे हितावह असते. प्रकाश कमी-अधिक झाल्यास मागील छिद्राचा आकार बदलता यावा म्हणून त्यावर आयरिस बसवतात. दुसरा डोळा मिटून ठेवल्यास चेहऱ्याचे स्नायू थकतात, त्यामुळे तो मिटण्याऐवजी त्याच्यापुढे छोटा पडदा लावतात.

स्लिंग

स्लिंग फक्त पालथे पडून म्हणजे प्रोन आणि गुडघ्यावर बसून म्हणजे नीलिंग या दोन स्थितींत वापरता येते. उभ्या स्थितीत ती वर्ज्य आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पट्ट्याची रुंदी ४० मिमीपेक्षा अधिक नसावी, तो दंडावरच बांधावा आणि रायफलीला एकाच ठिकाणी जोडावा. प्रोन स्थितीत आधाराच्या हाताच्या कोपरापुढील भागाने जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन करणे बंधनकारक आहे.

पट्टा सैल असल्यास आधाराच्या हाताला रायफल पेलावी लागते आणि थोड्याच वेळात थरथर सुरू होते. फार आवळल्यास हात बधिर होतो. त्याशिवाय दंडातील धमनीचे ठोके पट्ट्यावाटे रायफलीत उतरतात आणि साइटमधील चित्र नाडीच्या तालावर हलताना दिसते. पट्टा दंडावर थोडा वर किंवा खाली सरकवून, ठोके कमीत कमी जाणवतील अशी जागा प्रत्येकाने स्वतः शोधावी लागते. दुसऱ्याचे माप येथे चालत नाही. कसोटी सोपी आहे. स्थिती घेऊन डोळे मिटावेत, दोन-तीन संथ श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. नेम लक्ष्यावरून ढळलेला असेल तर रायफल हाताने ढकलू नये, संपूर्ण शरीर फिरवावे.

चामड्याचा पट्टा दंडावर चांगला बसतो, परंतु तो ताणला जातो. ठाणे जिल्ह्यातील आणि कोकणातील पावसाळ्यात त्याला ओल लागून बुरशीही धरते. कृत्रिम धाग्यांचा पट्टा तुलनेने माप टिकवतो.

निवडीचा क्रम

पालक आणि विद्यार्थी बहुधा साइटवर आधी खर्च करतात. तसे करणे चुकीचे आहे. स्लिंगचा ताण बदलला की गाल आणि डोळ्याची जागा बदलते आणि साइटचे जुळवलेले आकडे व्यर्थ ठरतात. म्हणून ५० मीटर प्रकारात प्रथम स्लिंग, नंतर गालाचा टेकू आणि शेवटी साइट असा क्रम ठेवावा. एअर रायफल केवळ उभे राहून चालवली जात असल्याने त्या प्रकारात स्लिंग घेण्याचे कारणच नाही.

पॅरिसच्या अंतिम फेरीचा क्रम नीलिंग, प्रोन आणि शेवटी उभी स्थिती असा होता. पहिल्या दोन स्थितींत कुसाळे पदकाच्या स्थानांबाहेर होते. ज्या स्थितीत स्लिंग नसते, त्याच स्थितीत ते तिसऱ्या क्रमांकावर आले आणि ४५१.४ गुणांवर थांबले. पहिल्या दोन स्थितींत पट्ट्यामुळे वाचलेली स्नायूंची शक्ती उभ्या स्थितीत कामी येते, असा स्लिंगचा एक अप्रत्यक्ष लाभही सांगता येईल.

स्काउट रायफलशी तुलना

अमेरिकी शस्त्रतज्ज्ञ जेफ कूपर यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या स्काउट रायफलच्या कल्पनेत निवडीची दिशा उलट आहे. तेथे दोन-तीन पट मोठे दाखवणारी दुर्बीण डोळ्यापासून दूर, नळीवर पुढे बसवतात, जेणेकरून दोन्ही डोळे उघडे ठेवून झटपट नेम धरता येतो. स्लिंग मात्र वाहण्यासाठी आणि आधारासाठी एकच असते व ती क्षणात दंडात अडकवता येते. कूपर यांना वेग हवा होता. क्रीडा नेमबाजीत पुनरावृत्ती हवी असते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी घातल्याने त्या प्रकारच्या साधनांचे प्रयोजन येथे फारसे उरलेले नाही.

सामायिक रायफल

०.२२ इंची काडतुसाच्या रायफलीसाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो. त्यामुळे कल्याण, शहाड, अंबरनाथ यांसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांची सुरुवात बहुधा छात्र सेनेच्या किंवा क्लबच्या सामायिक रायफलीवर होते. अशा वेळी स्लिंग स्वतःची असणे लाभदायक ठरते. पट्ट्याचे कितवे छिद्र वापरले, तो कोटाच्या बाहीवर कोठे होता, हँडस्टॉप कोणत्या आकड्यावर होता आणि साइट शून्यापासून किती क्लिक सरकवली, या चार नोंदी प्रत्येक सरावानंतर वहीत केल्यास पुढच्या खेपेस रायफल जुळवण्यात जाणारा वेळ वाचतो.