तळहाताएवढी खिडकी

‘‘ताई, तुमच्या वेबसाइटवर तर काहीच नाही. नुसता सत्काराचा फोटो आहे!’’

२०१२च्या पावसाळ्यातली गोष्ट. दोन एसट्या बदलून आलेली एक बाई आमच्या संस्थेच्या ऑफिसात माझ्यासमोर बसली होती. खरं सांगायचं तर मला रागच आला. काहीच नाही? चांगली चाळीसेक पानांची साइट होती, आणि त्यातलं प्रत्येक पान मी स्वतः केलं होतं. घरातली सगळी झोपल्यावर, रात्री जागून.

मी म्हटलं, ‘‘दाखवा बघू.’’ तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेला मोबाइल काढला. भाचीने पाठवलेला एसएमएस उघडला. त्यात आमच्याच साइटवरच्या एका पानाचा पत्ता होता. तिने त्यावर बोट ठेवलं. वाट बघितली. आणि उघडलं ते आमचं पहिलं पान. त्यावर वर्धापनदिनाचा फोटो, पुष्पगुच्छ घेऊन हसणाऱ्या आम्ही.

माझा राग जागच्या जागी विरला. कारण हे असं का होतंय, ते मला एका क्षणात कळलं. तो उद्योग माझाच होता.

आमची संस्था घरात मार खाणाऱ्या, घराबाहेर काढल्या जाणाऱ्या बायकांना कायद्याची माहिती देते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६पासून लागू झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी ही साइट केली. संरक्षण अधिकारी म्हणजे कोण, अर्ज कसा करायचा, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बायकोला तिथे राहायचा हक्क कसा आहे, असं सगळं साध्या मराठीत. अर्थात ते केलं होतं टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी. डावीकडे यादी, मध्ये मजकूर, उजवीकडे कार्यक्रमांच्या बातम्या.

पुढे स्मार्टफोन आले. २००७ साली आयफोन आला तेव्हा त्याने मोठ्या साइट दाखवण्यासाठी एक युक्ती केली होती. पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरायचं आणि अख्खंच्या अख्खं लहान करून स्क्रीनवर बसवायचं. पान दिसायचं सगळं, पण अक्षरं मुंगीएवढी! मग दोन बोटांनी मोठं करा, डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा. एक ओळ वाचून होईपर्यंत आधीची विसरायला व्हायची.

म्हणून तेव्हा बऱ्याच जणांनी जे केलं, तेच मीही २०११ साली केलं. मोबाइलसाठी वेगळी, छोटी साइट काढली. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एम’ आणि टिंब. फोन एखादं पान मागतो तेव्हा ‘मी अमुक ब्राउझर, अमुक फोन’ अशी ओळखही देतो. आमचा सर्व्हर ती ओळख यादीत बघायचा आणि फोन असेल तर त्याला छोट्या साइटकडे वळवायचा.

आता चाळीस पानांतली छोट्या साइटवर घ्यायची कुठली? मी अगदी आत्मविश्वासाने ठरवलं, फोनवर एवढं कोण वाचत बसतंय! आमच्याविषयी, फोटो, कार्यक्रम, देणगी आणि संपर्क अशी पाच पानं घेतली. कायद्याची लांबलचक पानं, त्यातले तक्ते, सगळं वगळलं. आणि वगळलेलं पान कुणी फोनवरून मागितलंच तर? पाठवून द्या पहिल्या पानावर. झालं काम!

या चुकीचं नावही मला पुढे कळलं. असं भलतीकडे वळवणं इतकं बोकाळलं होतं, की २०१३ साली गुगलने जाहीर केलं, अशा साइटना फोनवरच्या शोधात खाली ढकलू. म्हणजे मी एकटीच शहाणी नव्हते. पण त्याने काय समाधान होणार?

कारण त्या बाईने पुढे जे सांगितलं ते ऐकून माझ्या घशाशी आवंढा आला. भाचीने कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर आमचं पान वाचलं होतं आणि ‘मावशी, हे वाच’ एवढंच लिहून पाठवलं होतं. मावशीला ते दिसलंच नाही. आधी वाटलं, आपला फोन साधा म्हणून दिसत नसेल. मग वाटलं, पान काढून टाकलं असेल. ‘‘आणि मग म्हटलं, तो कायदाच रद्द झाला असंल.’’ घर त्याचं, आपला त्यावर काय हक्क, असं भावांनीही सांगितलं. ती दोन मुलांना घेऊन माहेरी जाऊन राहिली. चार महिने. मुलांची शाळा बुडाली ती वेगळीच.

आमच्या समुपदेशक बाईंनी तिचा अर्ज करून दिला. यथावकाश घरात राहण्याचा आदेशही मिळाला. पण ते चार महिने माझ्या हिशेबात राहिले ते राहिलेच.

त्या रात्री मी दोन्ही साइट शेजारी शेजारी उघडून बसले. तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. संस्थेचा फोन नंबर बदलला होता. मोठ्या साइटवर मी तो बदलला, छोटीवर विसरले! दोन घरं सांभाळायची म्हटलं की एका घरचं दूध उतू जाणारच.

मग शोधाशोध सुरू केली. ईथन मार्कोट नावाच्या वेब डिझायनरने मे २०१०मध्ये एक लेख लिहून ‘रिस्पॉन्सिव्ह’ डिझाइनची कल्पना मांडली होती. दोन साइट नकोतच. साइट एकच, मजकूर एकच, फक्त तो समोरच्या स्क्रीनप्रमाणे आपली मांडणी बदलेल. मैत्रिणींनो, तुम्हाला एका वाक्यात सांगू? शिवलेला ड्रेस आणि साडी! ड्रेस एकीलाच बसतो, दुसरीला उसवावा लागतो. साडी तीच, पण बारीक असो की जाड, उंच असो की बुटकी, निऱ्या कमीजास्त केल्या की झालं.

या निऱ्या घालायच्या दोन मुख्य खुणा. एक, पानाच्या सुरुवातीला ‘तुझ्या रुंदीइतकंच हे पान धर, ९८०चं समजू नकोस’ असं फोनला सांगणारी ओळ. तिला ‘व्ह्यूपोर्ट’ म्हणतात. दुसरी, ‘मीडिया क्वेरी’. स्क्रीन अरुंद असेल तर शेजारी शेजारी असलेले रकाने एकाखाली एक लाव, अशी ती सूचना. वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने जून २०१२मध्ये त्यावर अधिकृत शिक्कामोर्तबही केलं.

ऐकायला सोपं, करायला दोन महिने लागले. कारण नुसत्या निऱ्या घालून भागणार नव्हतं. आमचा नंबर सुंदर रंगीत चित्रात लिहिलेला होता. चित्रावर बोट ठेवून फोन लागत नाही! तो साध्या अक्षरांत लिहून, दाबला की फोन लागेल असा केला. वर्धापनदिनाचा जड फोटो टूजीवर उतरायला दोनेक मिनिटं घ्यायचा, तो काढला. जुनी काही पानं विशिष्ट फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. तो फॉन्ट फोनमध्ये नसल्यामुळे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची. ती सगळी युनिकोडमध्ये आणली. वेलांट्या, उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून दोन ओळींत जास्त जागा सोडली. बटणं बोटाला सापडतील एवढी मोठी केली. आणि पानांचा क्रम बदलला. पहिल्यांदा ‘आत्ता मदत हवी आहे?’, आमचे सत्कार सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट समुपदेशक बाईंनी सुचवली. ‘‘अगं, फोन तिचा एकटीचा कुठे असतो? नवरा बघतो, मुलगा बघतो.’’ म्हणून प्रत्येक पानावर ‘पटकन बाहेर’ असं बटण ठेवलं. दाबलं की त्या पानाच्या जागी हवामानाची बातमी येते. पण त्याने आधी बघितलेल्या पानांची नोंद पुसली जात नाही, ती आपणच पुसावी लागते. हेही त्या बटणाखाली स्पष्ट लिहिलं. खोटा दिलासा द्यायचा नाही.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आमच्याकडे येणाऱ्या बायका ‘साइट वाचून आले’ असं सर्रास सांगू लागल्या. त्यातल्या बहुतेकींच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. फोनवर काय दिसतं, एवढीच त्यांच्यासाठी आमची साइट. मी मात्र फोनवालीला घाईत असलेली, थोडक्यात भागवणारी बाई समजत होते. तिच्यासाठी काय पुरे, हे मीच परस्पर ठरवून टाकलं होतं.

तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या आज स्वतःच्या साइट आहेत. कुणाची मसाल्यांची, कुणाची शिकवणीची, कुणाची पाळणाघराची. एक करा. तुमच्या नव्या कोऱ्या फोनवर नको, कामाला येणाऱ्या मावशींच्या फोनवर ती उघडून बघा. सरळ पहिल्या पानावरून नको, आतल्या एखाद्या पानाचा पत्ता पाठवून बघा. तेच पान उघडतं का? अख्खं वाचता येतं का? फोन लागतो का?

मी अजूनही दर महिन्याला हे करते. त्यासाठी कपाटात एक जुना, काच तडकलेला फोन ठेवलाय. लेक म्हणते, ‘‘आई, टाक की आता तो!’’

नाही टाकत.