मुलीचा कणा वाकला तर : ब्रेस की ऑपरेशन?

आठवी-नववीतल्या एखाद्या मुलीची ओढणी एकाच खांद्यावरून सारखी घसरते. ईदला शिवलेला कुर्ता एका बाजूने वर चढतो, दुसऱ्या बाजूने खाली लोंबतो आणि बिचाऱ्या शिंप्याला बोल लागतो. घरात अम्मी आणि शाळेत बाई तिला ‘ताठ बस’ म्हणून सांगत राहतात. बहुतेक मुलींना हे सांगणे लागू पडते. काही मुलींना मात्र कितीही मनावर घेतले तरी ताठ बसता येत नाही, कारण त्यांचा पाठीचा कणाच एका बाजूला वळून स्वतःभोवती थोडा पिळलेला असतो. डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात.

दहा ते सोळा वयाच्या दर १०० मुलांमागे साधारण २ ते ३ जणांच्या कण्याला असा वाक असतो. बहुतेकांचा वाक किरकोळ असतो आणि तसाच राहतो. वाढत जाऊन उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांत मुली मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतात. मग घरात प्रश्न उभा राहतो : ब्रेस लावायचा की ऑपरेशन करायचे? सोलापुरातल्या ज्या घरांत हा प्रश्न आला, तिथे आम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लोक या दोन उपचारांची तुलना अशी करतात, जणू दोन्ही दुकानात शेजारी मांडून ठेवले आहेत आणि सवडीने एक निवडायचा आहे. प्रत्यक्षात ब्रेसची वेळ ठरलेली असते. मुलीची उंची वाढत आहे तोवरच तो उपयोगी पडतो. विचार करण्यात वर्ष गेले तर निवड आपल्या हातात राहत नाही.

उशीर का होतो?

मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की ती आईसमोरही कपडे बदलत नाही. ही हया चांगलीच आहे. पण सैल कुर्ता, ओढणी आणि बाहेर जाताना बुरखा यांत पाठ कुणाच्या नजरेस पडत नाही. शिवाय हा वाक सुरुवातीला सहसा दुखत नाही, त्यामुळे मुलगी तक्रारही करत नाही. म्हणून आईने किंवा मोठ्या बहिणीने वर्षातून दोनदा, दार लावून, मुलीची पाठ पाहावी. पाय जुळवून उभे करावे, दोन्ही तळहात एकमेकांना लावून हात खाली सोडायला सांगावे आणि रुकूसारखे पुढे वाकायला लावावे. मागून पाहताना पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, बरगड्यांचा उंचवटा आला, तर डॉक्टरांकडे जावे. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम ॲडम्स यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. १८६५ पासून ती चालत आली आहे आणि तिला पैसा लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हाही पालकांनी ही शंका त्यांच्या कानावर घालावी.

आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांना सांगायला हवी. हा वाक जड दप्तराने येत नाही, वाकडे झोपल्याने येत नाही, आईने गरोदरपणात काही केले म्हणून किंवा कुणाची नजर लागली म्हणूनही येत नाही. बहुतेक मुलांत त्याचे नेमके कारण सापडत नाही. काही घराण्यांत तो जास्त आढळतो, म्हणून एका मुलीला असेल तर तिच्या भावंडांचीही पाठ पाहावी. मात्र पाठ रात्री खूप दुखत असेल, पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, ताप येऊन वजन घटत असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही पाठ वाकवतो आणि त्यावर औषध आहे. अशा वेळी लगेच तपासणी हवी.

दोन आकडे विचारा

एक्स-रे काढल्यावर डॉक्टर वाकाचा कोन मोजतात. ही पद्धत न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली, म्हणून त्याला कॉब कोन म्हणतात. १० अंशांपेक्षा कमी वाकाला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. १० ते २५ अंशांपर्यंत बहुधा फक्त लक्ष ठेवतात आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. २५ ते ४० अंशांच्या दरम्यान, मुलगी वाढत असेल तर, ब्रेसचा विचार होतो. ४५-५० च्या पुढे ऑपरेशनची गोष्ट निघते. मोजताना पाच अंशांपर्यंत फरक सहज पडतो. म्हणून २७ चे ३० झाले की लगेच घाबरून जाऊ नये, आणि शक्यतो प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी एक्स-रे काढावा.

दुसरा आकडा वाढीचा. किती वाढ शिल्लक आहे हे डॉक्टर कमरेच्या हाडावरून ठरवतात. शून्य ते पाच अशा त्याच्या पायऱ्या आहेत. शून्य, एक, दोन म्हणजे बरीच वाढ बाकी, पाच म्हणजे वाढ संपली. मुलीला पाळी कधी सुरू झाली हेही डॉक्टर विचारतील. अब्बूंसमोर मुलगी लाजेल, म्हणून अम्मीने सोबत जावे. नमाज-रोज्याच्या हिशेबामुळे आपल्या घरांतल्या आयांना ही तारीख बहुधा पक्की आठवते, ती इथे कामी येते. पाळी येण्याआधीचे आणि नंतरचे साधारण एक वर्ष वाढ जोरात असते. वाकही याच काळात झपाट्याने वाढतो आणि ब्रेसही याच काळात सर्वांत उपयोगी ठरतो.

म्हणजे ३० अंशांचा वाक असलेली अकरा वर्षांची मुलगी आणि तेवढाच वाक असलेली सोळा वर्षांची मुलगी यांचा उपचार एक नाही. पहिलीला ब्रेस तातडीने हवा. दुसरीची वाढ संपली असेल तर तिला कदाचित काहीच करावे लागणार नाही, कारण ३० अंशांखालचे वाक वाढ संपल्यावर सहसा तिथेच थांबतात. शेजारणीच्या मुलीला काय सांगितले यावरून आपल्या मुलीचे ठरवू नये, ते यासाठीच.

ब्रेस काय करतो, काय करत नाही

ब्रेस म्हणजे मेडिकलच्या दुकानात मिळणारा कमरेचा पट्टा नव्हे. मुलीच्या अंगाचे माप किंवा साचा घेऊन कडक प्लास्टिकचे कवच बनवतात. ते कपड्यांच्या आत घालायचे असते आणि नेमक्या जागी दाब देते. ते कणा सरळ करत नाही, वाक वाढू न देता मुलीला वाढीच्या काळातून पार नेते. ही अपेक्षा आधीच समजली नाही तर वर्षभराने एक्स-रेमध्ये तोच आकडा पाहून घरचे म्हणतात, ‘काही फायदा झाला नाही.’ तोच आकडा राहणे हाच तर फायदा!

याचा पुरावा २०१३ मध्ये पुढे आला. अमेरिका आणि कॅनडातील २५ रुग्णालयांत १० ते १५ वर्षांच्या, २० ते ४० अंश वाक असलेल्या मुलामुलींवर अभ्यास झाला. वाढ संपेपर्यंत वाक ५० अंशांच्या आत राहिला, असे ब्रेस वापरणाऱ्यांत ७२ टक्के होते आणि नुसते लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवला गेला. मुलांना दिवसाला किमान १८ तास ब्रेस घालायला सांगितले होते आणि ते खरोखर किती तास घालतात हे मोजायला आत तापमान टिपणारे यंत्र बसवले होते. सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त वेळ घालणाऱ्यांत ९० टक्क्यांहून अधिक यशस्वी ठरले. त्या अभ्यासाची दुसरी बाजूही पाहावी. ब्रेस न लावताही जवळपास निम्म्या मुलांचा वाक ५० पर्यंत गेला नाही, आणि ब्रेस लावूनही काहींचा गेला. ब्रेस ही हमी नाही, पण कपाटात ठेवलेल्या ब्रेसचा काहीच उपयोग नाही, हे नक्की.

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना अंगावर प्लास्टिकचे कवच बाळगणे सोपे नाही. आत शिवण नसलेला, घट्ट बसणारा सुती बनियन घालावा आणि तो दिवसातून दोन-तीनदा बदलावा. कातडी लाल होऊन थोड्या वेळात पूर्ववत झाली तर चालते. जखम झाली तर ब्रेस बनवणाऱ्याकडे जाऊन दुरुस्त करून घ्यावा. नमाजचा हिशेबही अवघड नाही. पाच वेळा पंधरा-पंधरा मिनिटे ब्रेस काढला तर सव्वा तास जातो, आणि डॉक्टरांनी १८ तास सांगितले असतील तर सहा तास मोकळे असतात. वुजूसाठी उंच स्टूल ठेवावे. काढणे शक्य नसेल तर आजाऱ्याला दीनने दिलेली सवलत आहेच. ती कशी घ्यावी हे आपल्या आलिमांना विचारावे. शाळेत आम्हा शिक्षकांचेही काम आहे. तिला पाठ टेकण्याची जागा द्यावी आणि वर्गात कुणी तिला चिडवणार नाही हे पाहावे. खेळाच्या तासाला ब्रेस काढून खेळू द्यावे. धावपटू उसेन बोल्ट यांच्या कण्यालाही वाक आहे, हे अशा मुलींना जरूर सांगावे.

काही जण ब्रेसऐवजी मालीश, योगासने किंवा हाडवैद्य सुचवतात. ठरावीक व्यायामाने स्नायू बळकट होतात, तो ब्रेससोबत करावा. पण वाढत्या वाकावर ब्रेसच्या जागी नुसता व्यायाम पुरत नाही. जोराने कणा ‘बसवून’ घेणे तर धोक्याचेच.

ऑपरेशनची वेळ आली तर

वाक ५० अंशांच्या पुढे गेला की वाढ संपल्यावरही तो हळूहळू, बऱ्याचदा वर्षाला एखाद्या अंशाने, वाढत राहतो. तिशी-चाळिशीत त्याचा त्रास वाढू शकतो आणि वाक फारच मोठा झाला तर फुप्फुसांनाही जागा अपुरी पडते. म्हणून इथे ऑपरेशन सुचवतात. मणक्यांत स्क्रू आणि सळ्या बसवून कणा शक्य तितका सरळ करतात आणि तेवढे मणके हाड भरून कायमचे जोडतात. मज्जारज्जूला इजा होण्याची भीती सर्वांना वाटते. तो धोका आज शंभरात एकापेक्षाही कमी आहे आणि ऑपरेशन चालू असताना नसांचे संदेश यंत्रावर पाहिले जातात. ती सोय तिथे आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. जंतुसंसर्गाचा आणि पुढे पुन्हा ऑपरेशन लागण्याचा थोडा धोका असतो. मुलगी सहसा आठवडाभरात घरी येते, महिना-दीड महिन्यात शाळेत जाते. जोडलेला भाग मात्र पुन्हा वाकत नाही. जोड कमरेच्या खालपर्यंत गेला तर रुकू-सजद्यावर किती परिणाम होईल, हा प्रश्नही डॉक्टरांना विचारण्यासारखा आहे.

खर्च आणि प्रवास हा आपल्या शहरातला खरा पेच आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या घरात एक दिवसाची रजा म्हणजे एक दिवसाची मजुरी जाते. सुरुवात सिव्हिलमधून, म्हणजे आपल्या शासकीय रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागातून करता येते. मुंबईला जायचे झाले तर सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी पोचवते. तिथे हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. कृत्रिम अवयव आणि ब्रेस बनवणे हे तिचे कामच आहे. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या रुग्णालयात बसेल, हे आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारावे. आणि मोहल्ल्यातल्या जमातीने लक्षात ठेवावे की गरजू आजाऱ्याच्या उपचाराला जकातीतून हात देता येतो.

निर्णय कुणाचा?

आपल्याकडे ‘लोकांना कळले तर मुलीचे लग्न कसे जमेल’ हा प्रश्न आधी येतो. त्या भीतीने काही घरे ब्रेस टाळतात, कारण तो दिसतो, आणि मग मोठ्या ऑपरेशनपर्यंत पोचतात. खरे तर ब्रेस वापरलेल्या किंवा ऑपरेशन झालेल्या बहुतेक मुली पुढे संसार करतात, आई होतात. लपवून वाढलेला वाकच नंतर लपत नाही.

मश्वरा करायचा तर तो सर्वांशी करावा, आणि सर्वांत आधी त्या मुलीशी. ब्रेसचे १८ तास तिच्या अंगावर जाणार आहेत, अब्बूंच्या किंवा मामूंच्या नाही. तिला समजावून न सांगता लावलेला ब्रेस शाळेच्या बाथरूममध्ये उतरतो. इस्तिखारा जरूर करावा, दुआ करावी, पण एक्स-रेची तारीख पुढे ढकलून नव्हे. आधी उंट बांधा आणि मग तवक्कुल करा, ही शिकवण आपण मुलांना मदरशात देतोच. हजार वर्षांपूर्वी कोर्दोबात अबुल कासिम अज-जहरावी यांनी आणि १४६५ मध्ये अमास्याच्या शरफुद्दीन साबुनजूओग्लू यांनी सरकलेले मणके जागेवर आणण्याच्या पद्धती आपल्या ग्रंथांत नोंदवल्या. पाठीवर उपाय शोधणे ही आपल्याकडे जुनी वाट आहे.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर पाच प्रश्न लिहून न्यावेत : कोन किती? वाढ किती बाकी? आता ब्रेस लावला तर आशा किती? नाही लावला तर काय होईल? पुढची तपासणी कधी? उत्तरे त्याच कागदावर उतरवून जुन्या एक्स-रेसोबत एका फाइलमध्ये ठेवावीत. मोठ्या ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, त्यात कुणाचा अपमान नाही. मात्र दुसरे मत आठवड्या-दोन आठवड्यांत घ्यावे. ‘ईदनंतर’, ‘परीक्षेनंतर’, ‘मोठ्या मुलीच्या लग्नानंतर’ असे म्हणता म्हणता अकरावे वर्ष सरून तेरावे लागते, आणि ब्रेसची वेळ त्यातच निघून जाते.