तिवरांच्या मुळाशी साठलेले विष

ठाण्याची खाडी रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. २०१५ साली तिच्या काही भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून तिची नोंद झाली. परंतु याच खाडीच्या काठी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा आहे. रसायने, रंग आणि औषधे बनविणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी व शहरांचा मैला अनेक दशके खाडीत येत राहिला. त्यातील शिसे, जस्त, तांबे, कॅडमियम गेले कोठे? याचे उत्तर बव्हंशी काठच्या चिखलात आहे.

भरतीच्या पाण्याला तिवरांची दाटी अडवते आणि त्यातील बारीक गाळ तळाशी बसतो. धातू या गाळालाच चिकटून येतात. गाळाच्या वरच्या पापुद्र्याखाली प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथील जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून सल्फाईड तयार करतात. त्याच्याशी संयोग पावून धातू सहसा न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडतात. तिवर मात्र चिखलातून वर काढलेल्या श्वसनमुळांनी हवा घेते. तिच्यातला थोडा प्राणवायू मुळांवाटे बाहेर झिरपतो, भोवतालचे विरघळलेले लोह गंजते आणि मुळांवर तांबूस लेप चढतो. हा लेपही कित्येक धातूंना धरून ठेवतो.

निसर्गाने लावलेले हे कुलूप आहे; पण कुलूप लावले म्हणजे विष नष्ट झाले, असे नव्हे. मैला कुजतो, धातू कुजत नाही. गाळ उपसला, सुकविला वा हवेत उघडा पाडला, की सल्फाईडचे बंधन सुटते, आम्ल तयार होते आणि धातू पुन्हा पाण्यात उतरू लागतात. तेथून ते कालवांत, चिंबोऱ्यांत आणि अखेर माणसाच्या ताटात येऊ शकतात. त्याची झळ प्रथम लागेल ती खाडीवर पोट भरणाऱ्या कोळ्यांना.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांच्या नाशास प्रतिबंध केला, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांना परवानगीची वाट मोकळी आहे. अशा वेळी तोडावयाच्या झाडांची मोजदाद होते आणि त्यांच्या बदल्यात अन्यत्र रोपे लावण्याचे आश्वासन दिले जाते. परंतु दुसरीकडे लावलेले रोप येथला गाळ कसा धरून ठेवणार? झाडांबरोबर गाळाचाही हिशेब मांडला पाहिजे. खोदकामापूर्वी त्याच्या निरनिराळ्या थरांची तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष काठच्या रहिवाशांना मराठीतून कळावेत. मुख्य म्हणजे धातूमिश्रित सांडपाणी कारखान्याच्या आवारातच शुद्ध झाले पाहिजे. खाजण विष धरून ठेवते, म्हणून त्यात आणखी विष ओतण्याचा परवाना कोणालाही मिळालेला नाही.